होडीच्या ओल्या रंगावर मीठ

तुम्ही हसाल, पण होडीच्या ओल्या रंगावर मी मुठीमुठीनं मीठ पेरलंय! पंच्याण्णव साल असेल. आमचे हे होडीच्या फळ्यांवरून दोनदा घसरून पडले होते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडलात तर खाडी विसरा. म्हणून रोह्याहून रंगारी आणला. ओल्या रंगावर वाळू भुरभुरली की पाय घसरत नाही, असं त्याचं म्हणणं. रंग फासून झाला आणि बघते तर वाळू भिजून गोळा झालेली! रंग सुकायला लागला. मी मिठागरातली. घरातलं जाडं मीठ आणलं आणि पेरत सुटले.

"मावशे, येडी झालीस काय? पाणी लागलं की मीठ जाईल!" रंगारी ओरडला.

पण माघार घेईन तर मी कसली! म्हटलं, "जाऊ दे. तू गप ऱ्हा."

तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं. मीठ गेलंच. पण प्रत्येक दाण्याच्या जागी रंगात बारीक खळगा उरला होता. हे ओल्या फळ्यांवर अनवाणी चढले, मुद्दाम पाय घासून पाहिला. तसूभर सरकला नाही. माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

रंगारी किती तरी वेळ वाकून तळहात फिरवत होता. मग हळूच म्हणाला, "मावशे, पेणला आणखी दोन होड्या हायत. येशील काय?"