बाळासो करांडे यांचे मंजूर तास

नाव: वल्लरी मुकुल दांडेकर, वय ३६ वर्षे, धंदा: सॉफ्टवेअर कंपनीत लेखन, रा. माधवनगर, ता. मिरज, जि. सांगली.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून व काही ठिकाणी न विचारताही, जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते. मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. धंद्याच्या रकान्यात हवालदार साहेबांनी आधी ‘टायपिंग’ लिहिले होते, ते मी बदलून घेतले.

आमची सांगलीतील कंपनी कामाच्या तासांचे सॉफ्टवेअर बनवते. कामगार मोबाइलवर आपले तास भरतात आणि सुपरवायझर ते मंजूर करतो. यंदापासून हे मंजुरीचे काम बऱ्याच ठिकाणी एआय एजंट करतो, म्हणजे सुपरवायझरच्या वतीने काम उरकणारा प्रोग्राम. तासांपुढचे ‘बाकी’ काढून ‘मंजूर’ करण्याचे एक साधन त्याला दिलेले आहे. ते केव्हा आणि कसे वापरायचे याची माहिती मी लिहिते, व एजंट ती वाचून तसा वागतो. माझा शब्द तो जितका पाळतो तितका माझ्या घरातही कोणी पाळत नाही.

काल शुक्रवारी दुपारी राहीबाई बाळासो करांडे, रा. कडेगाव तालुका, या आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या. शिपायाने उठवले तरी उठेनात. मी बाहेर गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “आवं ताई, आमच्या मालकास्नी ज्यानं बघितलंय त्येला मला भेटायचं हाय.”

त्यांचे पती बाळासो हे माधवनगरजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर चालवतात. आठवडाभर तिथल्याच खोलीवर राहतात आणि रोज रात्री घरी फोन करतात. सोमवारी दुपारी ते गावाहून मोटारसायकलवर कामाला निघाले. तेव्हापासून फोन बंद आहे. राहीबाई कोल्ड स्टोरेजच्या गेटवर गेल्या, तर वॉचमनने आत सोडले नाही. बुधवारी त्यांनी याच ठाण्यात नवरा हरवल्याची खबर दिली. येथून कोल्ड स्टोरेजला फोन गेला. तेथील मॅनेजर ऋषिराज यांनी कॉम्प्युटर पाहून सांगितले की बाळासो सोमवारपासून कामावर आहेत, तास मंजूर आहेत, दुसऱ्या युनिटला असतील. त्यावर राहीबाईंना येथे सांगण्यात आले की, तुमचा नवरा कामावर आहे, त्याला तुमच्याशी बोलायचे नसेल, घरी जा. हे कोण बोलले त्यांचे नाव मी घालत नाही. ते शेजारच्या टेबलावर बसलेले आहेत. त्या कोल्ड स्टोरेजचे तास आमच्या सॉफ्टवेअरवर मंजूर होतात हे वॉचमनकडून कळल्यावर राहीबाई आमच्याकडे आल्या.

मी राहीबाईंना म्हटले की मंजुरी माणसाने दिलेली नाही. त्या म्हणाल्या, “मग बघितल्याबिगर मंजूर कसं केलं?” आमच्या कंपनीत हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मी त्यांना आत नेऊन बसवले आणि नोंदी उघडल्या. बाळासोंचे तास तानाजी नावाच्या दुसऱ्या कामगाराच्या मोबाइलवरून भरलेले दिसले.

आज सकाळी मी राहीबाईंना घेऊन कोल्ड स्टोरेजवर गेले. मला पाहून वॉचमनने गेट उघडले, याची मला लाज वाटली. तानाजी हे बाळासोंचे रात्रपाळीचे जोडीदार. ते म्हणाले, “बाळासो आलाच न्हाई, ताई. वळीनं सा दिस खाडं पडलं की नाव कापत्यात हितं. म्हून दोगांचं काम मीच केलं आन् त्येचं तासबी भरलं. आमी कवाबी एकमेकाचं भरतो.” त्यांना वाटले होते की गडी पोराबाळांत रमला असेल, दोन दिवसांनी येईल. बाळासो सोमवारीच घरून निघाले होते, हे त्यांना माहीतच नव्हते. ते ऐकल्यावर त्यांनी कॉम्प्रेसर दुसऱ्याच्या हवाली केला. ते आमच्यासोबत आले आहेत आणि त्यांनाही जबाब द्यायचा आहे. त्यांना कोणी दमात घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

यात एजंटाची चूक नाही. पाळीच्या यादीशी तास जुळले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर मंजूर करावे, असा या साधनाचा नियम आहे. त्या नियमाखालीच मी लिहिले आहे की मंजुरी फक्त तासांना असते, माणूस प्रत्यक्ष आला होता याची खात्री यातून होत नाही. ते वाक्य मी ऋषिराज यांना दाखवले. ते म्हणाले, “मॅडम, एवढं कोण वाचतंय?” माझे लिखाण बरोबर आहे, आजही त्यात मी एक अक्षर बदलणार नाही. पण राहीबाईंना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, याचा मला फार राग आला आहे, आणि तोही जबाबात घ्यावा.

बाळासो कामावर पोचले असे सगळ्यांनी धरून चालल्यामुळे गावापासून माधवनगरपर्यंतचा रस्ता कोणीही तपासलेला नाही. वाटेत कॅनॉल आहे. दोन्ही अंगाला उभा ऊस आहे, त्यात गाडीसकट माणूस गेला तर रस्त्यावरून दिसत नाही. मिरजेच्या दवाखान्यांतही कोणी चौकशी केलेली नाही. ती आम्ही फोनवरून सुरू केली आहे, पण रस्ता आम्हाला फोनवरून तपासता येत नाही.

बाळासो यांना आपण स्वतः पाहिले आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. सोमवारपासून त्यांना कोणीही पाहिलेले नाही. एवढे लिहून देण्यासाठीच मी आले आहे.

माझा वरील जबाब संगणकावर टाइप करून मला वाचून दाखवला. मी तो स्वतःही वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. माझ्या आग्रहावरून तो बाकावर बसलेल्या राहीबाईंनाही वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “बराबर हाय. आता निघा की सायब, उजेड हाय तवर.”