साखळीचा चिमटा

कात्रीला धार लागेपर्यंत शिवणकामवाली जुन्या हत्यारांच्या दुकानात बाकावर टेकली. तिच्या पुढच्या आजोबांनी रुमाल सोडला आणि वीतभर दांडीचा एक चिमटा दुकानदारापुढे ठेवला.

“हे कसलं हत्यार, सांगा बघू. बायकोच्या कपाटात निघालं. ती गेली, आता विचारू कुणाला?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“बरणीतनं काहीतरी काढायचं असेल. डोकंच चालेना बुवा.”

“मनगटात साखळी घालायच्या का त्या?”

“रोज! बारीक, सोन्याची. मीच दिलेली, लग्नाच्या वाढदिवसाला.”

“मग हे त्याचंच. त्याच हाताच्या मुठीत दांडी धरायची, चिमट्यात साखळीचं एक टोक अडकवायचं आणि दुसऱ्या हातानं हूक लावायचा. एकट्या बायका नेतात माझ्याकडनं.”

“एकट्या?”

“म्हणजे, घरात हूक लावून द्यायला कुणी नसलं की. हे बरीच वर्षं वापरलंय हो. दांडी बघा कशी गुळगुळीत झालीय.”

आजोबांनी चिमटा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

“मी होतो की घरात. समोरच्याच खुर्चीत. पेपर वाचत.”