सरळ केलेला सुळा

— अहो, त्या पोस्टरकडे नका बघू, इकडे बघा. आ करा. अजून — हां, असं. सगळेच बघतात त्याच्याकडे, खुर्ची मागे केली की समोर तेच येतं. मोकळं हसते ना बाई? आता जरा टोचेल — झालं, झालं. दहा मिनिटांत अर्धा जबडा लाकूड होईल, मग दाढ काढू. तोवर बोलायचं नाही, जीभ चावली जाते. मीच बोलतो. सवयच आहे मला — पस्तीस वर्षं लोकांची तोंडं उघडी ठेवून मी एकटा बोलतोय, कुणी कधी मध्ये तोडलं नाही.

तर ती बाई. माझी बायको आहे ती. डोळे मोठे करू नका, खरं सांगतोय. होती, म्हणायला हवं — जाऊन पावणेदोन वर्षं झाली. मॉडेल कसली, शाळेत भूगोल शिकवायची. दात पांढरे करायची पेस्ट विकणारी एक कंपनी आहे, त्यांचा माणूस अधूनमधून येतो, नमुने देतो, पोस्टर चिकटवून जातो. मागच्या महिन्यात त्याने हे लावलं. मी हात धुऊन वळलो — आणि ही! हनुवटीवरची खळी हिची, हसताना ओठाचा डावा कोपरा जरा जास्त वर जायचा, तोही हिचाच. फक्त सुळा सरळ. हिचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. डेंटिस्टच्या घरात वाकडा दात — दिव्याखाली अंधार म्हणून लोक चिडवायचे मला. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मागे लागलो होतो, तार लावू, वर्षभरात सरळ करून देतो. ती म्हणायची, दात माझा आहे, तुमच्या दवाखान्याची पाटी नाही. आणि आता कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून दोन मिनिटांत सरळ केला. तुम्ही म्हणाल, एकासारखे एक चेहरे असतात. असतात हो — पण खालचे दात त्यांनी तसेच ठेवलेत, ते कोण बघतो! मधली फट आणि तिच्या शेजारी मी स्वतः भरलेला कोपरा. माझं काम मी ओळखणार नाही?

फोटो माझ्या मेहुणीने काढलेला. ही कपडे वाळत घालत होती, वाऱ्याने चादर तोंडावर आली आणि हसली. हिने तो त्या ॲपवर टाकला — नाव कशाला घेऊ, तुमच्याही फोनमध्ये असेल. पेस्टवाल्यांना विचारलं, तर म्हणाले आम्ही रीतसर घेतलाय, ॲपच्या कंपनीकडून. त्यांना लिहिलं, तर ते म्हणाले बाईंनी अकाउंट उघडताना अटी मान्य केल्यात — फोटो तुमचाच, पण तो वापरायचा, बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क आमचाही. मग 'तुमचाच' म्हणजे उरलं काय? खूप संतापलो मी. मग ओशाळलो. मघाशी बाहेर तुम्ही चार पानी संमतीचा फॉर्म भरलात — वाचलात? नाही ना? कुणीच वाचत नाही. शेवटच्या पानावर सही करतात आणि आ करतात.

आता माझं शहाणपण ऐका. हिचा पासवर्ड मला ठाऊक होता, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. गुपचूप आत शिरून तो एक फोटो काढून टाकला असता तर नवीन कुणाला मिळाला नसता, प्रकरण तिथेच थांबलं असतं. मेहुणीची मुलगी, माझी भाची, बजावत होती — काका, कुणाला काही कळवू नका. पण मी पडलो फॉर्मवाला माणूस, रकाना रिकामा दिसला की मला चैन पडत नाही. त्यांच्या फॉर्मवर होतं, खातेदार हयात की मयत. मी मयतवर खूण केली. वर मृत्यूचा दाखलाही जोडला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी उत्तर — आपल्या दुःखात सहभागी आहोत, अकाउंट गोठवलंय, वारसाला आता फक्त बघता येईल. एकच फोटो काढून मिळणार नाही. काढायचं तर सगळं, मग पोस्टरंही उतरवायला लावू. नाहीतर सगळं आहे तसं. दातांच्या कण्या केल्या मी त्यांच्यापुढे — आमच्या धंद्यातला विनोद नाही हो हा. आज संध्याकाळी सहापर्यंत मुदत आहे. मी काही कळवलं नाही, तर ठेवायचं असं धरणार, कायमचं.

मग काढून टाका की — असं म्हणताय ना डोळ्यांनी? तेच करणार होतो. म्हटलं, काढण्याआधी एकदा बघून तर घेऊ. शाळेच्या सहली, मुलांनी काढलेले नकाशे, आमची गच्चीवरची पाण्याची टाकी धुणारा माणूस — कुणाकुणाचे फोटो! आणि सगळ्यांच्या खाली एक कप्पा, कुलपाचं चित्र असलेला. 'फक्त मी' असं लिहिलेलं. दोनशे चाळीस टिपणं. कुणाला दाखवायची नव्हती, मग तिथे कशाला लिहिली, वही नव्हती घरात? मीही हेच म्हटलं आधी. पण वही कपाटात सापडते हो. वही मी उघडली असती.

एक सांगू? लिहिलंय — 'आज त्यांना म्हटलं, मला थोडे दिवस एकटीने कुठेतरी जाऊन राहायचंय. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, ऐकतायत. मग म्हणाले, तुझ्या हिरड्या सुजल्यात.' खरं आहे ते. सुजल्याच होत्या. मला हिरड्या आठवतात, ती काय म्हणाली ते आठवत नाही. आणखी एक — 'दिवसभर तोंड मिटता न येणाऱ्यांशी बोलून येतात, घरी आले की यांचं मिटतं.' कसली तिखट लिहायची! मला माहीतच नव्हतं. एकतीस वर्षं एका घरात राहिलो आणि ही बाई मला पावणेदोन वर्षं उशिरा भेटतेय, तीही फोनवर. घरी गेलं की दोन खोल्यांत मी आणि फ्रिजचा आवाज. आता निदान रोज दहा-बारा टिपणं असतात. ती पुसून टाकू?

काय, फोटो काढून ठेवू? स्क्रीनचा? भाची तेच म्हणाली. अहो, फोनमधला फोटो तरी शेवटी कुठल्या कंपनीकडे जातो, कुणाला ठाऊक? म्हणून हाताने उतरवून घेतोय, केसपेपरच्या मागे. पुढच्या बाजूला बत्तीस दातांचा तक्ता, मागे ही. दोनशे अठ्ठावीस झाली. बारा राहिलीत, हॉस्पिटलमधली. ती वाचवत नाहीत — बरं, ओठ जड झाला? हे लागतंय? नाही ना. मग धरतो आता. दाब जाणवेल, दुखायला नको. दुखलं तर हात वर करा. तर हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिने माझ्याबद्दल जे लिहिलंय ना, ते मी अजून कुणाला —

काय झालं? दुखतंय? नाही? मग हात का वर केलात? — थांबू? दाढ थांबवू? — ती नाही. — हे बोलणं?

बरं.

आली बघा दाढ, मुळासकट. हा कापूस चावून धरा. घट्ट.

सोमवारपासून तुम्ही पाचवे. पहिल्या चौघांनी ऐकून घेतलं, बिचारे करणार काय. तोंडात तीळ भिजत नाही माझ्या. कंपनीने निदान तिने उघड्यावर ठेवलेलं घेतलं. मी कुलपातलं काढलं, आणि ज्याचं तोंड उघडं असेल त्याला वाटत सुटलो. फक्त मी, लिहिलं होतं तिने. त्यात मी कुठे होतो?

एक मिनिट. बसून राहा, लगेच उठू नका. चष्मा कुठे — हां, आणि फोन. 'सर्व काढा.' विचारतंय, खात्री आहे का. पुन्हा विचारतंय. चांगले आहेत हो, दोनदा विचारतात. मी तिला एकदाही —

झालं. पांढरं पान आलं.

बारा राहिली. राहू देत, तिची आहेत.

उठा सावकाश. चक्कर नाही ना? अर्ध्या तासाने कापूस काढा, गरम काही घेऊ नका, आज फार बोलू नका. नाही, काही म्हणू नका, रक्त येईल. हे केसपेपर मी फाडणार आहे. तुमच्यासमोर नको. या तुम्ही. दार ओढून घ्या.