बुश म्हणजे काय जी?

रामदासपेठेतल्या पोस्टाच्या रांगेत कौसल्या मास्तरीणबाईंच्या पुढं नत्थूजी बायकोला मुलाचं पत्र वाचून दाखवत होते.

"सुखदेव लिहिते, आफ्रिकेत तो शिकवते ते शाळा बुशमंदी आहे."

"बुश म्हणजे?"

"आपल्या पंख्यातला बुश नव्हता का घासला?"

"त्याच्यात माणूस कसा राहीन? बुशशर्ट असन."

"शर्टात शाळा भरते का वं?"

म्हातारी मागं वळली. "बाई, बुश म्हणजे काय जी?"

"झुडूप," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिकडं ओसाड रानालाही म्हणतात."

"म्हणजे शेजारी कोणीच नाही त्याले?"

म्हातारी नवऱ्याकडं वळली.

"अहो, त्याले लिहा, आपलं घर पाहुण्यायनं भरलं आहे."

"कोण आलं वं?"

"कोणीच नाही. पण त्याले कायले सांगता?"