वाईट खेळून घटलेली सूट

अगं, गोल्फमध्ये वाईट खेळूनही माणूस जिंकतो, हे मला आमच्या ह्यांच्यामुळे कळलं. ह्यांचे साहेब गोल्फचे शौकीन, आणि ह्यांची दूर आडबाजूच्या झाबुआला बदली करायची की नाही हे त्यांच्याच हातात. बाळ तान्हं, त्याला दूध पचेना, माझा जीव टांगणीला. मी बजावलं, “ह्या रविवारी साहेबांना जिंकू द्या हो!”

हे मुद्दाम वाईट खेळले. पण त्या दिवशी लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, अशी चालली की साहेब आणि बाकी सगळे त्याहून वाईट खेळले. हे पहिले आले! वरून क्लबनं ठरवलं, आजचा दिवसच कठीण, सगळ्यांचं माप ढिलं धरा. त्या मापानं ह्यांचा रद्दी खेळ उत्तम ठरला. मग कच्च्या खेळाडूला फटक्यांची जी सूट मिळते, हँडीकॅप म्हणतात, ती ह्यांची दोननं घटवली.

“झालं, बांधा सामान,” मी रडवेली झाले.

सोमवारी साहेबांनी ह्यांना बोलावलं. “जाधवजी, अब आपकी छूट कम हो गई ना?”

“जी साहेब.”

“तो झाबुआ कोई और जाएगा. पहले आपको हराना है!”

हे घरी येऊन सांगायला लागले, तशी मी म्हटलं, “आता हरलात तर बघा!”