मैदानावरची सासू

मंडळी, टाळ जरा थांबवा. आधी एक प्रश्न! मोठ्या माणसानं धाकट्याकडून शिकावं का? शिकावं? वा, किती पटकन माना डोलल्या! अहो, नातवानं मोबाईल शिकवला तर कौतुकच वाटतं. मी विचारतोय — सासूनं सुनेकडून शिकावं का? आता बघा! सगळ्या मावश्या पदर सारखा करायला लागल्या!

तर ऐका. एका गावात हौसाबाई कासार राहायच्या. धंदा बांगड्यांचा. आठवडी बाजारात पेटी मांडायची, लेकीबाळींचे हात भरायचे. नवरा भानुदास मोटारसायकलवर नेऊन सोडायचे. पण त्यांना काचबिंदू झाला, नजर गेली. मुलगा लांब कंपनीत. वडापचा जीपवाला म्हणतो, "मावशी, काचेची पेटी घेऊन बसू नका!" मग? बाजार बंद तर चूल बंद! पन्नाशी ओलांडलेली बाई म्हणाली, "गाडी दारात उभी आहे ना? मीच चालवते. लायसन काढते!"

शिकवणार कोण? सून, प्रणिता. लायसनवाली. तुम्ही म्हणाल, मग तिनंच सोडावं की! अहो, बाजाराच्या वेळी ती अंगणवाडीत पोरं सांभाळते. पण संध्याकाळी शिकवायला तयार झाली. मैदानात पांढऱ्या फक्कीनं आठचा आकडा काढला. टेस्ट एवढीच — त्या आकड्यावरून गाडी फिरवायची, पाय टेकायचा नाही. टेकला की नापास!

पण सासूला हुकूम सोडायचा कसा? गाडी निघाली उकिरड्याकडं, आणि सून मागनं पळत म्हणते, "अहो आत्याबाई, तेवढा ब्रेक दाबायचं बघता का, तुम्हाला जमत असेल तर—" वाक्य संपेस्तोवर आत्याबाई शेणात! कधी वेळेवर म्हणाली, "डावीकडं वळा," तर सासू गाडीवरनंच विचारणार, "का? उजवीकडं काय वाईट आहे?" पुन्हा शेणात! एकीला बोलवेना, दुसरीला ऐकवेना!

तालुक्याला टेस्ट झाली. अर्ध्या वळणावर पाय टेकला. नापास! भानुदास म्हणाले, "आता एकदाच बघ. नाही जमलं तर गाडी विकू, पेटी माळ्यावर टाकू." हौसाबाईंना रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात त्यांनी पदर खोचला. "हे बघ प्रणिता, या फक्कीच्या आत तू सासू, मी सून. अगंतुगं कर. ओरड. माझी शपथ आहे तुला!"

शपथच घातली हो! प्रणिता लाजली, घसा खाकरला. गाडी सुरू. वळणावर हौसाबाई डगमगल्या — आणि सुनेच्या तोंडून निघालं, "अगं ए! डोळे काय कपाळाला लावलेस? वळ तिकडं! सांगितलेलं एक धड कळत नाही! आईनं हेच शिकवून पाठवलंय का?"

मंडळी, गाडी वळली! पाय न टेकता वळली! पण हौसाबाईंनी ब्रेक दाबला, आणि उतरल्या. वाक्य ओळखीचं वाटलं. हेलसुद्धा तोच! अहो, त्यांचंच होतं ते! भाजी खारट झाली की सुनेला त्या असंच म्हणायच्या.

"मी असं बोलते?"

प्रणिता घाबरली. पण शपथ होती ना! "रोज, आत्याबाई."

"आईवरून?"

"आईवरून जास्त."

हौसाबाईंची आई केव्हाच गेलेली. या वयात कुणी तिच्यावरून बोललं, आणि छातीत कळ आली हो. लागतं ते! फार लागतं! डोळे पुसले, पुन्हा गाडीवर बसल्या. "चल, ओरड. पण आई सोडून ओरड."

मग काय! सून रोज ओरडते, सासू रोज वळते! गावातल्या झाडून सगळ्या सुना काही ना काही निमित्त काढून मैदानाला चक्कर मारायच्या. कशाला? कानाला पुण्य लागावं म्हणून!

टेस्टचा दिवस आला. हौसाबाईंनी आठ असा काढला, की साहेब बघत राहिला. "मावशी, कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलला होता?"

हौसाबाई म्हणाल्या, "सासुरवासाला!"

घरी आल्या. पास झाल्याच्या गडबडीत प्रणिताची भाजी करपली. हौसाबाईंनी पहिला घास घेतला. थांबल्या. तोंड उघडलं — "आईनं..." सून भिंतीला टेकली! भानुदासांचा घास हातातच!

"आईनं तुझ्या जेवण आटोपलं असेल का गं?" हौसाबाई म्हणाल्या. "फोन लाव. सासू पास झाली म्हणून सांग. आणि मग मला दे. पोरीला चांगलं शिकवून पाठवलंत, हे मला त्यांना सांगायचंय."

प्रणिता फोन लावते, पण नंबर दिसेना. डोळे भरलेले!

मावश्यांनो, रडताय काय? आणि पुरुषमंडळी, तुम्ही हसू नका, तुमची नक्कल तर बायको तुमच्यापेक्षा बरी करते! आज घरी जा. घरातल्या धाकट्या माणसाला समोर बसवा, शपथ घाला, म्हणा — मी कसा बोलतो ते मला बोलून दाखव. आणि तो आवाज नाही आवडला, तर बोलून दाखवणाऱ्यावर चिडू नका. तो आवाज तुमचा आहे बाबांनो. विठ्ठल, विठ्ठल!