कपिलेचं गाणं निघालं न्यूझीलंडला

जपानमध्ये क्योतोत बसच्या रांगेत पाठीमागून मराठी ऐकू आलं आणि लेकाकडे आलेल्या प्रल्हादरावांचे कान सशासारखे उभे राहिले. मागे सासू-सून होत्या.

“नुपूर, न्यूझीलंडहून उत्तर आलं का गं?”

“नाही अजून, आई.”

“माझ्यामुळंच नासलं! तिथल्या मूळच्या माओरी लोकांनी आपल्या सामाईक जमिनीवर सरकारच्या मदतीनं दुधाचा धंदा उभारला, त्यावर तुझी इथली पीएचडी. आणि त्यांच्या व्हिडिओवरच्या सभेत मी मध्येच तोंड घातलं!”

“चूक माझीच. मी सभा सुरू होताच दुधाचे ग्राफ दाखवले. त्यांच्यात आधी आपला डोंगर, आपली नदी सांगतात आणि मग गाणं म्हणतात.”

“त्यांनी डोंगर-नदी विचारली, तर तू आपली ग्राफच चाळत बसलीस! म्हणून मी सांगितलं, डोंगर हरिश्चंद्रगड, नदी मुळा. आणि आपल्या कपिला गाईची धार काढताना म्हणायचे, तेच गाणं म्हटलं.”

“तिकडच्या आज्या डोळे पुसत होत्या.”

“हसून हसून पुसत असतील! अगं, फोन बघ, वाजला.”

“आई! अभ्यासाला परवानगी दिली! गोठ्यावरच राहायला बोलावलंय!”

“अगं बाई! जा, सुखानं जा.”

“पण एक अट आहे. गाणाऱ्या बाईंना सोबत आणायचं.”

“मला? त्या गाईंना मराठी कळायचं का?”

प्रल्हादरावांना राहवेना. ते गर्रकन वळले. “न कळायला काय झालं वहिनी? आमची म्हैस तर सूर चुकला की दूध आखडायची!”

“मग तालीम करायला हवी,” म्हणत सासूबाईंनी तिथंच कपिलेचं गाणं सुरू केलं.

बस आली. प्रल्हादराव आजही शपथेवर सांगतात, गाणं संपेपर्यंत ती हललीच नाही.